काँग्रेसमनला घेऊन शर्कला

सईच्या शाळेने 'इतिहासातली थोर व्यक्ती व्हा' अशी स्पर्धा काढली आणि माझ्या अकरा वर्षांच्या लेकीला चिठ्ठीत मिळाला सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा एक अमेरिकन काँग्रेसमन, म्हणजे तिथला खासदार. नाव देत नाही. मीही कधी ऐकलं नव्हतं. इंग्रजी भाषण अर्थातच मी लिहिलं. वकील, कॅप्टन, तीनदा खासदार. चौथ्यांदा पडला आणि 'प्रकृतीच्या कारणास्तव' निवृत्त झाला. निवडणुकीचा निकाल तेव्हाही तब्येतीला बाधायचा.

शनिवारी सकाळी कुवेतमधल्या आमच्या महबूल्याहून निघालो. स्पर्धा शहरातल्या शर्क भागातल्या एका हॉटेलात होती. तिथपर्यंत बस स्वस्त पडते, पण कापसाच्या पांढऱ्या केसांचा टोप घातलेलं लेकरू घेऊन बसमध्ये चढायची हिंमत झाली नाही. टॅक्सीचे पाच दिनार. चालक रत्नागिरीचे निघाले.

"जज्ज काय गो तू?"

"काँग्रेसमन," सई म्हणाली.

"मग यानं केलान काय?"

"स्वातंत्र्यावर भाषणं," मी म्हणालो.

"बरा," म्हणून त्यांनी एसी वाढवला.

हॉटेलच्या हॉलमध्ये तीन राष्ट्राध्यक्ष, दोन शास्त्रज्ञ आणि त्यांच्याहून घाबरलेले आईबाप. सईच्या 'स्वातंत्र्य हाच माझा श्वास' या वाक्याला टाळ्या पडल्या. वाक्य माझं होतं, मीही वाजवल्या. मग तिने टोप काढला आणि माझ्या कागदात नसलेलं सांगितलं: "मी मेलो तेव्हा माझ्या मृत्युपत्रात घोडे, चांदीचे चमचे आणि चौदा गुलाम एकाच यादीत होते. त्यातली एक मुलगी अकरा वर्षांची, माझ्याएवढी होती."

परीक्षकबाई "व्हेरी इंटरेस्टिंग" म्हणाल्या आणि पेन खाली ठेवलं. बक्षीस एका शास्त्रज्ञाला गेलं. त्याची दाढी खरंच सुंदर होती.

जवळच्या मासळीबाजारात जरूर जा. झुबेदी म्हणजे आपलं पापलेट. शेजारच्या खानावळीत आम्ही ते भाजलेलं खाल्लं.

"बाबा, मृत्युपत्राचं पान तूच प्रिंट केलंस ना? यू रेड इट?"

"हो."

"मग लिहिलं का नाहीस?"

"दोनच मिनिटं होती गं."

"तो कॅप्टन होता, हे तू दोनदा लिहिलंयस."

मी काटे काढत बसलो.

घरी पोचलो तेव्हा बायको हॉस्पिटलची ड्युटी संपवून नुकतीच आली होती. "कसं झालं भाषण?" तिने विचारलं.

"मस्त," सई म्हणाली. "बाबाने खूप मेहनत घेतली होती." आणि माझ्याकडे न बघता हात धुवायला गेली.

माझ्या चरित्रातलंही एक पान सईने आईपुढे गाळलं होतं. त्या दिवशी मला मिळालेलं बक्षीस तेवढंच, आणि ते घेताना मान वर करवली नाही.