बॅटरीच्या गाडीचं कुलूप

बसा. चहा टाकला आहे. तो उकळेपर्यंत माझी फजिती माझ्याच तोंडून ऐकून घ्या. आमच्या महाल भागातल्या गल्लीत ती सध्या मीठमिरची लावून फिरते आहे, आणि मिरची घालायचीच असेल तर ती मी घालीन! दुसऱ्या कोणाचं काय काम?

आधी एक सांगते. मी शाळेची पायरी चढलेली बाई नाही. किराण्याच्या पुड्या सोडून सोडून वाचायला शिकले. अर्धी बातमी हळदीच्या पुडीवर, उरलेली अर्धी जिऱ्याच्या पुडीवर शोधायची. म्हातारपणी गाडी शिकले तीही तशीच, कोणी न शिकवता. दोनदा नालीत गेले. नालीनं शिकवायचा प्रयत्न केला, पण मी काही तिचं ऐकून घेतलं नाही.

गाडी घेतली ती ह्यांच्यासाठी. हे म्हणजे माझा नवरा. एवढी फटकळ मी, पण नाव घ्यायला जीभ अजून वळत नाही. जन्मभर खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये इलेक्ट्रिकचं काम केलं ह्यांनी. रिटायर झाल्यावर जुने सोबती रोज संध्याकाळी तलावाच्या पाळीवर जमायचे, हेही जायचे. मग गुडघे गेले. एकदा ऑटोवाल्यानं ह्यांचा पाय स्वतःच्या हातानं उचलून आत ठेवला. चांगल्या मनानंच ठेवला बिचाऱ्यानं. पण घरी येऊन हे म्हणाले, "उद्यापासून जात नाही मी." आणि खरंच गेले नाहीत. दारातल्या खुर्चीवर बसून राहायचे. बोलणं कमी झालं, मग जेवण कमी झालं. माणूस विझत चाललेला समोर दिसतो, हो!

म्हणून मी बॅटरीची गाडी आणली. ठेंगणी, हलकी. मी पुढे, आणि हे मागे एका बाजूला पाय सोडून, बायका बसतात तसे. कोणी हात लावायची गरज नाही. पहिल्याच दिवशी पाळीवरचे म्हातारे उठून उभे राहिले. ह्यांनी मान अशी वर केली, जसं काही हत्तीवरूनच आले!

पुण्याहून लेकानं मात्र फोनवर दम दिला. "आई, एक जरी चलान फाटलं ना, तर मी येऊन गाडी विकून टाकीन."

"कशाचं चलान गा?" मी म्हटलं. "नियम वाचला आहे मी! अडीचशे वॅटच्या आतली, पंचवीसच्या वर न पळणारी गाडी. हिले लायसन नाही लागत, नंबर नाही लागत. तू वाचला काय?"

नियम मी गल्लीत सगळ्यांना ऐकवला. दूधवाल्याला दोनदा ऐकवला.

पण पंचवीस म्हणजे किती हळू, माहीत आहे? सायकलवरच्या शाळकरी पोरी मागून येतात, "टाटा आजी!" म्हणतात आणि पुढे जातात. समोरची विमल तर रोज दारात उभी. "काकू, वरात कोणाची निघाली वं? बँडवाले मागं राहिले काय?"

आता तुम्हीच सांगा, हे ऐकून घेणारी बाई आहे का मी?

एक दिवस ह्यांची दुपारची झोप लागल्यावर गेले गाडी घेऊन मिस्त्रीकडे. तो म्हणाला, "काकू, हिच्यात स्पीडचं लॉक असते. एक वायर सोडली की गाडी मोकळी. पण कायद्यात नाही बसत, पाहून घ्या."

कायद्यात बसत नाही हे मला माहीत नव्हतं? मला! पण डोक्यात विमल बसली होती. लोणच्याची बरणी ठेवली त्याच्यापुढे आणि म्हटलं, "सोड वायर."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे मागे बसले, मी गाडीचा कान पिळला, आणि काय ती गाडी! वैशाखातली गरम हवा सप्पकन तोंडावर आली. डोळ्यांत पाणी. दुकानं मागे, खांब मागे, माणसं मागे! समोरच्या काचेत वेगाचे आकडे येतात म्हणे. जवळचं वाचायचा चष्मा लावून मी काही गाडी चालवत नाही, मला त्या काचेत माझं कपाळ तेवढं दिसतं. पण वेग काय आकड्यावरून कळतो? तो अंगाला कळतो!

आणि ह्यांना तर जास्तच कळला. रोज नुसता हात ठेवणारा माणूस, त्या दिवशी खांदा गच्च धरून बसला. "हळू वं, हळू! नातवाचं लग्न पाहायचं आहे मले!"

"भेता काय?" मी ओरडले.

"भेणार नाही तं काय? विमान चालवून राहिली तू!"

पाळीवर जाऊन स्वतःच सांगितलं ह्यांनी, "काय चालवते गा ही! मी तं डोळे मिटूनच बसतो." म्हातारे माझ्याकडे असे बघायला लागले की मी पदर कमरेला खोचणंच सोडून दिलं. मोकळा सोडायचा. मागे फडफडला पाहिजे, विमानाच्या शेपटीसारखा.

असे कितीतरी दिवस उडले मी. सायकलवरच्या पोरी तेव्हाही पुढे जायच्या. मी म्हणायची, आजकालच्या पोरी सायकली फार जोरात चालवतात बाई!

आणि मग एका संध्याकाळी चौकात शिट्टी वाजली.

ट्रॅफिकची पोलीस पोरगी. माझ्या नातीएवढी असेल. हात केला, "आजी, गाडी बाजूला घ्या."

गेली गाडी! लेक येणार, गाडी विकणार, आणि हे परत त्या खुर्चीवर. डोळ्यांपुढे ती खुर्चीच आली. आता भ्यायलेलं मांजर पळतं, पण भ्यायलेली मी? अंगावर जाते.

ती तोंड उघडायच्या आत मी सुरू. "हाव, पळवली! लॉक खोललं आहे गाडीचं. मीच खोलून आणलं. नियम माहीत असून खोललं! काय चलान फाडायचं ते माझ्या नावानं फाडा. ह्यांचा काही संबंध नाही, ह्यांना तं माहीतही नाही. आणि गाडी नेत असाल तर आधी ह्यांना पाळीवर सोडून येऊ द्या. ऑटोत नाही बसत ते."

पोरीनं मागच्या चाकाकडे बोट दाखवलं.

"आजी, तुमचा पदर चाकात जाऊन राहिला होता. तो सांभाळा म्हणून थांबवलं मी."

पदर! खाली बघते तर टोक काळंकुट्ट, चाकाला पुसून पुसून. पण तोवर चहाच्या टपरीवरचे चार लोक जवळ आले होते, आणि बाण सुटला होता.

"पण लॉक खोललं म्हणता?" पोरीचा आवाज बदलला. "मग ही साधी गाडी नाही राहिली, आजी. मोटारगाडीच झाली. हिला नंबर पाहिजे, विमा पाहिजे, तुम्हाला लायसन पाहिजे, डोक्यावर हेल्मेट पाहिजे. आहे ह्यातलं काही?"

दूधवाल्याला दोनदा ऐकवलेला नियम मला ती ऐकवत होती! आणि मी मान खाली घालून ऐकत होते. जन्मात पहिल्यांदा.

हे इतका वेळ गाडीला टेकून उभे होते. हळूच म्हणाले, "मॅडम, एकदा चालवून तं पाहा."

ती बसली, पुढच्या वळणापर्यंत गेली, आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. उतरून म्हणाली, "आजी, ही तर पंचवीसच्या वर जातच नाही."

सुटले ना मी? हात जोडायचे, गाडीवर बसायचं आणि निघायचं. कोणतीही शहाणी बाई हेच करेल. पण मला राग आला!

"असं कसं नाही जात? माझी गाडी पळते! तुम्हाले कान पिळता येत नसन!"

"आजी, पूर्ण पिळला."

"मग तुमचं वजन जास्त असन! पन्नासनं येते ती रोज! विचारा ह्यांना!"

टपरीवाला हसून हसून वाकला. गुन्हा झाला नाही असं पोलीस म्हणतात, आणि गुन्हेगार ओरडते आहे की झाला, झाला! असा खटला पाहिला होता कधी?

"काका," पोरगी हसू दाबत म्हणाली, "आता तुम्हीच सांगा."

ह्यांनी घसा साफ केला. "ते काय आहे मॅडम, हिनं लॉक खोलून आणलं त्याच रात्री चार्जिंगले लावताना मले सीटखाली वायर सुटलेली दिसली. सुटलेली वायर मी पाहू शकत नाही. जोडून टाकली, टेप मारून दिली."

"त्याच रात्री?" मी विचारलं. म्हणजे मी पहिल्यांदा उडायच्या आधीच!

"हाव."

"मग ती तोंडावर येणारी हवा?"

"वैशाखाची होती ती. सगळ्यांच्याच तोंडावर येऊन राहिली होती."

पोरीनं चलान काही फाडलं नाही. पदर मात्र स्वतःच्या हातानं माझ्या कमरेला खोचून दिला आणि म्हणाली, "लॉक पुन्हा खोलू नका, आजी. आणि हेल्मेट ह्या गाडीलाही वापरा, डोकं तर तुमचंच आहे."

कसलं डोकं! ते असतं तर हे झालं असतं?

त्या दिवशी पाळीवर गेलोच नाही आम्ही. पुढे एका झाडाखाली मी गाडी थांबवली. मागे न बघताच विचारलं, "वायर जोडली ते जोडली. मले सांगितलं काहून नाही?"

"किती खूश होती तू."

"आणि ते खांदा धरणं? हळू वं, हळू वं? पंचवीसवर कोण भेते?"

"धरलं नसतं तं तुले वाटलं असतं काय, गाडी पळून राहिली म्हणून?"

मी पदराचं काळं टोक चोळायला लागले. मग हे स्वतःच बोलले. "वायर सुटी राहिली अन् पडलो असतो, तं मी मागच्या मागं बसलो असतो रस्त्यावर. समोर तं तूच असते ना वं."

डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. ह्या वेळी हवा नव्हती, हे मला कळत होतं.

आता गल्लीत सगळ्यांना सगळं माहीत आहे. विमल म्हणते, "काकू, आज विमान किती वाजताचं वं?" म्हणो. पदर खोचते, हेल्मेट घालते, पंचवीसनं जाते, पोरींना टाटा करते.

पण खरी फजिती पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी ह्यांना मागे बसवून निघाले. वायर जोडलेली आहे, मला माहीत. वेग किती, मला माहीत. हे नाटक करतात, तेही माहीत. जरा पुढे गेलो नाही तोच ह्यांनी खांदा गच्च धरला आणि ओरडले, "हळू वं, हळू!"

आणि सांगते तुम्हाला, मी खरोखर ब्रेक मारला!