मांडीतला पाऊण इंच

१९७९च्या जानेवारीत आमची बॅटरी, म्हणजे तोफखान्याची तुकडी, देवळालीला आली. मी हवालदार होतो, नोकरीला चौदा वर्षं झाली होती आणि चार नंबरच्या तोफेचा मी नंबर वन होतो. नागरिकांसाठी सांगतो. एका तोफेवर सहा माणसं असतात, प्रत्येकाला नंबर असतो, आणि नंबर वन हा त्या तोफेचा मालक. तोफ कुठे उभी राहणार, कधी हलणार, कधी थांबणार हे तो सांगतो. बाकीच्यांनी ऐकायचं असतं.

माझं गाव पिंपळगाव बसवंत. देवळालीहून एसटीने दोन तास. घराजवळ पोस्टिंग मिळालं म्हणून गावातल्या लोकांनी माझ्या बायकोला पेढे मागितले. घराजवळच्या पोस्टिंगवर खूश होणाऱ्या सैनिकाबद्दल माझं मत फारसं चांगलं नव्हतं. मी तिला पेढे वाटू दिले नाहीत.

सकाळी पावणेसहाला पी.टी., साडेसातला गन पार्क, दुपारी साडेचारला गेम्स. सात वाजता एम.आय. रूमसमोर, म्हणजे युनिटच्या दवाखान्यासमोर, सिक रिपोर्टवाल्यांची रांग लागायची. कुणाचं पोट, कुणाची पाठ, कुणाच्या टाचेला फोड. दोन दिवस 'एक्सक्यूज बूट'ची चिठ्ठी मिळाली की हे लोक लॉटरी लागल्यासारखे बराकीत परतायचे आणि चपला घालून फिरायचे. त्या रांगेवरून जाताना मी मुद्दाम बूट आपटत जायचो. चौदा वर्षांत त्या रांगेत मी एकदाही उभा राहिलो नव्हतो आणि हे मी न विचारता सगळ्यांना सांगायचो.

माझ्या हाताखाली नायक शांताराम पगारे होता. दिंडोरी तालुक्यातला, वय एकोणतीस, माझ्यानंतर तोफेवर त्याचाच हुकूम. कामाला चोख, पण माझ्या मते जरा जास्तच काळजीवाहू. चाकाखाली चॉक, म्हणजे लाकडी ठोकळा, लावला तरी पुन्हा वाकून बघायचा.

"पगारे, तोफ आहे ती. पाळणा नाही," मी म्हणायचो. पोरं हसायची. तोही हसायचा, आणि पुन्हा वाकून बघायचा.

मार्चमध्ये आंतर-बॅटरी कबड्डीत मी चढाईला गेलो. हेडक्वार्टरच्या एका क्लार्कने माझा डावा घोटा धरला. मी अंग फिरवलं, पाय तिथेच राहिला. गुडघ्यात कापड फाटल्यासारखा आवाज आला. शत्रूची गोळी लागली असती तर सांगायला बरं पडलं असतं. मला जायबंदी केलं ते दिवसभर कार्बन पेपर लावणाऱ्या माणसाने.

मी सिक रिपोर्ट केला नाही. गुडघा सुजायचा, उतरायचा. कधी वाकलेला तसाच अडकायचा, मग खाटेवर बसून पाय हिसडला की सुटायचा. चार महिने असे काढले. जुलैत सकाळच्या परेडला गुडघा अडकला तो सुटेना. सगळ्या बॅटरीसमोर चौघांनी मला स्ट्रेचरवर घातलं. त्यातला एक जण सिक रिपोर्टचा जुना वारकरी होता. तो म्हणाला, "साहेब, हळू हं." मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

लष्करी हॉस्पिटलातले सर्जन लेफ्टनंट कर्नल होते. त्यांनी गुडघा उघडून फाटलेली गादी काढून टाकली. दुसऱ्या दिवशी ती बाटलीत घालून मला दाखवली. कैरीच्या फोडीएवढी होती. एवढ्याशा वस्तूने मला लोळवलं याचा संताप आला.

"जाधव, घुटना मैंने ठीक कर दिया," ते म्हणाले. "अब उसे जांघ संभालेगी. जांघ सूख गयी है. पहले वो बनाओ."

मांडी बनवायचा त्यांचा उपाय असा: उताणं झोपायचं, घोट्याला वाळूची पिशवी बांधायची, पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, दहा मोजायचे, खाली ठेवायचा. एकेका वेळी अर्धा तास, दिवसातून चार वेळा. पळायचं नाही. ओझं उचलायचं नाही. कर्नल साहेब दर वेळी टेपने दोन्ही मांड्या मोजायचे. डावी दोन इंच कमी होती.

चार आठवड्यांची सिक लीव्ह घेऊन मी घरी आलो. सिंधूने, माझ्या बायकोने, माझ्या जुन्या पँटचा पाय कापून पिशवी शिवली आणि तिच्यात कादवा नदीची दोन किलो वाळू भरली. मी ओसरीवर उताणा पडून पाय वर-खाली करू लागलो. समोरच्या रस्त्याने कांद्याचे टेंपो जात. ओळखीचे ड्रायव्हर हॉर्न वाजवून विचारत, "काय हवालदार, पोहायचं शिकता का?"

भेटायला येणाऱ्यांचा तर मेळाच लागला. चुलत्यांनी पेठकडून कुठलासा पाला मागवला. सोसायटीच्या सेक्रेटरीने सांगितलं की त्याच्या मेव्हण्याला अगदी असंच झालं होतं आणि तो आता बसूनच असतो. मास्तर म्हणाले, "तुमचं बरं आहे, पगारी रजा." आयुष्यात बसची रांग सोडून कुठे उभी न राहिलेली ही माणसं मला गुडघा शिकवत होती. मी चहा पाजून त्यांना वाटेला लावायचो.

पाचव्या दिवशी मी पिशवी कोपऱ्यात टाकली. पाय वर-खाली करणं हा काय व्यायाम? पहाटे उठून द्राक्षबागांच्या कडेने पळायला लागलो. लंगडत पळायचो, पण पळायचो. सिंधू पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी असायची.

"डॉक्टरांनी काय सांगितलं अन् तुम्ही काय करताय?"

"डॉक्टरांना पगार मिळतो सांगायचा."

"अन् तुम्हाला ऐकायचा मिळतो," ती म्हणाली. मी घाम पुसला. संध्याकाळी गुडघा नारळाएवढा झाला होता. तिने तो बघितला आणि कोपऱ्यातली पिशवी आणून माझ्याजवळ ठेवली.

रजा संपवून परत गेलो तर मला तात्पुरती लो मेडिकल कॅटेगरी मिळालेली. तोफेवर ड्यूटी नाही, स्टोअरमध्ये बसायचं. पुढच्या वर्षी नायब सुभेदारीच्या बढतीची बोर्ड होती आणि लो कॅटेगरीच्या माणसाला तिथे कुणी बसू देत नाही. ही एक गोष्ट झाली. खरी गोष्ट वेगळी होती. माझ्या तोफेवर आता पगारे नंबर वन होता. स्टोअरच्या खिडकीतून मला गन पार्क दिसायचा. त्याचा आवाज माझ्याएवढा मोठा नव्हता, तरी पोरं माझ्यापेक्षा लवकर हलायची. ऑक्टोबरच्या ड्रिलमध्ये चार नंबरची तोफ बॅटरीत पहिली आली. मी असताना ती कधी दुसरीच्या वर गेली नव्हती. मला अभिमान वाटायला हवा होता. वाटला नाही.

पगारे दर रविवारी माझ्या खोलीवर यायचा. खाटेच्या कडेला बसून म्हणायचा, "चला साहेब, मी मोजतो." तो असेपर्यंत मी पिशवी उचलायचो. तो गेला की बंद.

नोव्हेंबरच्या शेवटी मेडिकल बोर्ड होती. आदल्या संध्याकाळी जेवून लंगरच्या पायऱ्या उतरताना माझा गुडघा सटकला. दुखलं नाही, काही नाही, नुसता पायच नसल्यासारखं झालं. पगारेने कोपर धरलं म्हणून पडलो नाही.

"असं नेहमी होतंय का, साहेब?"

"कधीतरी."

"उद्या कर्नल साहेबांना सांगा. अजून दीड महिना लागंल फार तर. तोफ कुठं पळून जात नाय."

"तोफ जात नाही. तिच्यावर तू बसलायस."

त्याने माझं कोपर सोडलं. मग म्हणाला, "तुम्ही नाय सांगितलं तर मी सांगू का?"

"पगारे, तू गनर आहेस का नर्स?"

त्याचा चेहरा उतरला. त्यापुढे तो त्या विषयावर कधी बोलला नाही. मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कर्नल साहेबांनी टेप लावली. "पौन इंच कम है." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सीढ़ी उतरते वक्त घुटना धोखा देता है?"

"नो सर."

"सच बोलो, जाधव. मैं टेप से ज़्यादा तुम्हारी बात मानूंगा."

"नो सर."

फौजेत त्रास आहे का विचारल्यावर एवढं एकच उत्तर आम्हाला येतं. मार खाताना, उपाशी असताना, तापाने फणफणलेले असताना आम्ही तेच देतो, आणि त्यालाच शिस्त समजतो. कर्नल साहेबांनी सही केली. दुपारी पगारेने तोफेचं लॉगबुक माझ्या हातात ठेवलं, सॅल्यूट केला आणि डाव्या चाकावरच्या आपल्या जुन्या जागी गेला.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रेंजवर फायरिंग होतं. सकाळी सव्वानऊला शेवटचा राउंड गेला. तोफा टेकाडावर होत्या, उतारावर मुरूम आणि वर दवाने ओलं गवत. तोफ ओढणारी आमची गाडी वर चढेना. लेफ्टनंट साहेब म्हणाले, "जाधव, गाडी दुसऱ्या बाजूने मागवू. वीस मिनिटं थांबा."

बाकीच्या तीन तोफा निघाल्या होत्या. मी म्हणालो, "सर, हाताने उतरवतो."

"नक्की?"

"येस सर."

पावणेदोन टनांची तोफ हाताने उतरवायची रीत ठरलेली आहे. चौघं जण मागून दोर ताणून धरतात. दोघं पुढे खालच्या बाजूला तोफेची शेपटी, म्हणजे ट्रेल, धरून दिशा देतात. त्यातला एक नंबर वन. आणि एक जण चाकाशेजारी चॉक घेऊन चालतो. त्यासाठी शेजारच्या तोफेवरचा एक जास्तीचा माणूस मी दोरावर घेतला होता. चाकाशी पगारे होता.

निम्मा उतार झाला. माझा डावा पाय मुरुमावर टेकला आणि गुडघा सटकला. मी खाली बसलो. ट्रेल माझ्या हातातून सुटून जमिनीत रुतला आणि तोफ त्याच्याभोवती फिरली. दोर पोरांच्या हातातून सुटला. डावं चाक माझ्या अंगावर येत होतं. 'हॉल्ट' हा हुकूम फक्त नंबर वन देतो. माझ्या तोंडून तो निघालाच नाही.

पगारेला बाजूला उडी मारायला जागा होती. मी ती जागा नंतर तीनदा जाऊन पाहिली. त्याने उडी मारली नाही. चाकापुढे वाकून चॉक लावला. चाक क्षणभर अडलं, मला कुणीतरी काखेत धरून ओढलं, मग चॉक ओल्या गवतावरून सरकला. चाक त्याच्या छातीवर थांबलं.

वायरलेसवर मीच बोललो. "फोर गन. कॅज्युअल्टी वन. ॲम्ब्युलन्स पाठवा. ओव्हर."

"फोर गन, कॅज्युअल्टी कोण? ओव्हर."

"नायक पगारे. ओव्हर."

ॲम्ब्युलन्स नऊ पन्नासला आली. तो शुद्धीवर होता. मला म्हणाला, "साहेब, पाय बघा तुमचा." हॉस्पिटलला पोचायच्या आधी गेला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला विचारलं गेलं, "घुटने में कोई तकलीफ थी?" मी म्हणालो, "नो सर." उतार ओला होता, पाय घसरला, असा निष्कर्ष निघाला. सिक रिपोर्टच्या रांगेतली माणसं दोन दिवसांच्या आरामासाठी खोटं बोलायची. त्यांच्या खोटेपणाने कुणी मेलं नव्हतं. ज्यांच्यावरून मी बूट आपटत गेलो, त्या लोकांच्या बुटाची नाडी बांधायची माझी लायकी नव्हती. हे मला तेव्हाही कळलं होतं. तरी मी गप्प बसलो, कारण पुढे प्रमोशनची बोर्ड होती.

त्यानंतर मात्र मी पिशवी उचलली. पाच महिने, दिवसातून चार वेळा, एकही वेळ न चुकवता. मे महिन्यात दोन्ही मांड्या टेपवर सारख्या भरल्या. मी नायब सुभेदार झालो. ८६ साली निवृत्त झालो.

त्याच वर्षी ऑक्टोबरात दिंडोरीला गेलो आणि तिथून पाच किलोमीटर चालत पगारेच्या गावी. सात वर्षांत गेलो नव्हतो. त्याच्या मृतदेहासोबतही मी न जाता दुसऱ्याला पाठवलं होतं. त्याचे वडील दुसऱ्याच्या द्राक्षबागेत छाटणी करत होते. कात्री चालवता चालवता त्यांनी मला ओळखलं. मुलाने पाठवलेल्या आमच्या तोफेच्या फोटोत मी मध्यभागी बसलेलो होतो.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. पाऊण इंच, लंगरच्या पायऱ्या, नर्स म्हणालो ते, दोन्ही वेळचं 'नो सर'. त्यांची कात्री केव्हा थांबली मला कळलं नाही. मी तयारी करून गेलो होतो. शिवी दिली असती, कात्री फेकली असती, तरी मी हललो नसतो.

ते म्हणाले, "शांतारामच्या पत्रात तुमचंच लय असायचं. साहेबांचा पाय, साहेबांचा पाय." मग माझ्या पायाकडे बघून विचारलं, "आता कसा हाय?"

दुखतो, असं सांगावंसं फार वाटलं. पण दुखत नव्हता.