एकट्या बाईला देत नाहीत

हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही. ह्यांना नाही, मुलीला नाही. जिच्यापाशी खोटे टिकत नाही असे मी आयुष्यभर वर्गात शिकवत आले, त्या कवितेलाही नाही. तुम्हाला सांगते आहे — कदाचित तुम्ही माझा चेहरा पाहिलेला नाही म्हणून.

आम्ही दोघे वर्षातला बराच काळ मॉरिशसला राहतो. तिकडे वादळांचे दिवस आले की जुन्नरला परततो, वन्संकडे. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्नाच्या पहिल्याच वर्षी नवऱ्याने टाकले, तेव्हापासून माहेरी. आंबेगावातल्या एका सरकारी दवाखान्यात त्या आया होत्या. अजूनही त्यांच्या पदराला फिनेलचा आणि शेगडीच्या धुराचा एकत्र वास येतो, निदान मला येतो. माझी मुलगी त्या वासात झोपायला शिकली.

ह्यांच्या निवृत्तीनंतर परदेशी जाऊन राहायचे ठरले. इंग्रजी वाचणारी मी, म्हणून व्हिशांचे नियम चाळण्याचे काम माझे. संध्याकाळी ओट्यावर वन्सं वाटाणे सोलायच्या आणि मी देश वाचून दाखवायचे. थायलंडमध्ये दर वर्षी नूतनीकरण, शिवाय राहत्या पत्त्याची वर्दी पुन्हापुन्हा. मलेशियात मोठी ठेव अडकून पडणार. पोर्तुगालची थंडी, तिथली भाषा. मॉरिशस मात्र उबदार, आणि तिथे मराठी कानावर पडते म्हणतात. वन्संचे हात थांबले होते.

“तितं शंकर हाय का गं वैनी?”

“आहे. तळ्याच्या काठी.”

“मंग भीमाशंकराला सांगून निघू. म्हनू, देवा, तुज्याच दुसऱ्या घरी चाललोय.”

हे खदखदून हसले. “आक्का, तू तर बिऱ्हाड बांधलंस!”

निघू. त्या एका शब्दात वन्संनी स्वतःलाही धरले होते, आणि मला ते खुपले. ते काय होते? मत्सर म्हणू? — इतका स्वच्छ शब्द त्याला शोभत नाही. ह्या घरात दुधावरची साय नेहमी ह्यांच्या कपात पडली. मी वाढली तरी वन्सं ती उचलून तिकडे टाकायच्या. बहीणभाऊ बोलू लागले की ह्यांची जीभ मऊ होई, ‘व्हतं’ आणि ‘न्हाई’ करू लागे, आणि त्या बोलीत मी इतक्या वर्षांनंतरही पावणीच असे. मला एक असे घर हवे होते, जिथे ह्यांना माझ्याआधीपासून ओळखणारे कुणी नसेल. हे कारण आहे. सबब नव्हे.

नियम साधा होता. प्रत्येकाने आपापल्या नावाने अर्ज करावा. वय, उत्पन्न, प्रकृती दाखवावी. वन्संना निवृत्तिवेतन होते. नारायणगावाजवळचा त्यांच्या वाट्याचा मळा महामार्गात गेला, त्याच्या मोबदल्याची ठेव होती, तिचे व्याज येत होते. सारे बसत होते. लग्न झाले आहे का, नवरा कुठे आहे — हे त्या देशाने विचारलेच नव्हते. मी ते वाक्य वाचले. पुन्हा वाचले. संध्याकाळ होती, कोवळ्या शेंगांचा हिरवा वास पसरला होता, आणि मी अगदी हळुवार आवाजात —

“वन्सं, एकट्या बाईला देत नाहीत हो.”

हे म्हणाले, मग दुसरा देश बघ. मी म्हणाले, सगळीकडे तसेच आहे. ह्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. का ठेवू नये?

आणि वन्सं? तुम्हाला वाटेल, त्या रडल्या असतील, भांडल्या असतील. त्या फक्त “बरं” म्हणाल्या आणि वाटाणे सोलू लागल्या. मंचरला खोली मागायला गेल्या तेव्हा त्यांनी हेच ऐकले होते. माझ्या मुलीच्या लग्नात ओटी भरायच्या वेळीही — तेव्हा मी शेजारीच उभी होते. मला खोटे रचावेही लागले नाही. ते त्यांच्या उंबऱ्यात कधीचे पडलेले होते. मी वाकून उचलले.

इथवर सांगून थांबता आले असते. पण कबूल करायचे ते याच्या पुढे आहे.

यंदाच्या हिवाळ्यात शेजारच्या आपा चहाला आल्या होत्या. आपा विधवा, शिवणकामावर उभे केलेले दुकान आता भाड्याने देऊन निवांत झालेल्या. मी समुद्राचे सांगत होते — पहाटे तो कसा दुधी असतो, वाऱ्याला उसाचा वास कसा येतो. आपांनी वन्संना कोपर मारले.

“आपण दोघी जाऊ की! एक खोली, एक चूल. तू वांगं कर, मी बिर्याणी करीन.”

“मला वास बी नको तुज्या बिर्यानीचा,” वन्सं हसल्या. मग पदर सावरून, शिकवल्यासारख्या म्हणाल्या, “आन् एकट्या बाईला देत न्हाईत, आपा. कायदाच हाय तसा.”

“एक कुठं? दोघी हाय ना आपण! आन् सरकार काय तुझा सासरा लागतो, गप ऐकायला?”

वन्संनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत संशय नव्हता. काहीतरी होते — वाटाण्यांवर थांबलेल्या हातांसारखे. “वैनीनं समदं वाचलंय. व्हय ना गं? अजून बी तसंच हाय का?”

ह्या वेळी त्यांना आमच्या घरात यायचे नव्हते. त्यांचे स्वतःचे घर होणार होते, स्वतःची मैत्रीण, स्वतःची चूल. माझे काहीही जाणार नव्हते. एक शब्द पुरला असता. पण त्या शब्दामागून पहिली संध्याकाळ उजेडात आली असती, आणि ह्यांनी माझ्याकडे पाहिले असते.

“हो,” मी म्हणाले. “तसेच आहे.”

“बघ,” वन्सं आपांना म्हणाल्या, जिंकल्यासारख्या. मग चहा गाळला, दुधावरची साय चमच्याने अलगद उचलली, आणि पहिल्यांदाच ती माझ्या कपात सोडली.

मी तो चहा प्याले.