गुरुवारी ती नसायची

मुलाचा, नितीनचा, फोन आला तेव्हा मी वाडीत केळीचा लोंगर उतरवत होतो. "दादा, वैशाली गेली," एवढंच बोलला. लोंगर खांद्यावर तसाच... खाली ठेवायचं सुचलं नाही. सून होती माझी. आज महिना उलटून गेला. मी चौथी शिकलेला माणूस, वटार गावातल्या वाडीत जन्म गेला. पण तिच्याबद्दल दुसऱ्या कोणाकडून लिहून घेणार नाही. नितीनने ऱ्हस्व-दीर्घ तेवढं बघितलंय, वाक्यं बदलू दिली नाहीत.

ती घरूनच काम करायची. माडीवरच्या खोलीत टेबल, कॉम्प्युटरचे दोन पडदे आणि समोर खिडकीत आमच्या केळी. काम काय, हे मी तिला इतक्यांदा विचारलं की दुसरी कोणी असती तर वैतागली असती. बँकांची, इस्पितळांची कामं म्हणे एका मशीनवर नसतात. कुठेतरी लांब पुष्कळ मशीनं एकत्र बांधून त्यांचा जथा करतात, त्याला क्लस्टर म्हणायचं. तो जथा सांभाळणारं सॉफ्टवेअर तिची कंपनी बनवते. त्यात कोणी एक ओळ जरी बदलली, तरी वैशालीने लावून ठेवलेली यंत्रणा आपोआप उठायची, नवा कोरा जथा उभा करायची, ती ओळ त्यावर चालवून बघायची आणि काम झालं की सगळा जथा मोडून टाकायची. बरोबर असेल तर हिरवी खूण, चुकलं तर लाल. एका ओळीसाठी अख्खं गाव वसवायचं आणि पुसायचं, दिवसातून कितीदा तरी! मी खुर्ची ओढून बघत बसायचो.

एकदा पडद्यावर एक मशीन मेलेलं दिसलं. मी घाबरलो.

"अगो, हे मेलं!"

"मीच मारलं, दादा."

"चांगलं चालनारं मशीन मारतेस? कसली गो तुजी कंपनी?"

"कधीतरी मरणारच आहे ते. गिऱ्हाइकाकडे मरण्यापेक्षा माझ्याकडे मेलेलं बरं. बाकीची त्याचं काम उचलतात का, तेवढंच बघायचं."

त्यातली एक तपासणी कधी हिरवी यायची, कधी लाल. नवं सॉफ्टवेअर बाहेर पडायची तारीख जवळ आलेली. साहेब फोनवर म्हणाला, "वैशाली, परत चालव ना, हिरवं होईल." ही म्हणाली, "हिरवं होईल सर, बरोबर नाही होणार." आणि अडवून धरलं. आमच्या घरात हट्टी मी एकटाच, असं मला वाटायचं... शेवटी सापडलं. एक मशीन काम सोपवता सोपवता मेलं, तर दोन मशीनं तेच काम उचलत होती.

"म्हंजे एकाच केळीला दोघांनी पानी घातलं. काय बिघडलं?"

"दादा, ते पाणी नसून पेशंटचं औषध असेल तर?"

 

मग तिचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी जे सांगायचं ते सरळ सांगितलं. तिला रडताना मी पाहिलं नाही. तिचा घोर वेगळाच होता. ती गेल्यावर ही माणसं लाल दिसलं की हिरवं होईपर्यंत बटण दाबत बसतील, आणि एक दिवस कोणाच्या तरी जिवावर बेतेल. तिने टीमला सांगून टाकलं, "दर गुरुवारी मी मेले असं समजायचं." माझं डोकं फिरलं. असलं अभद्र घरात बोलायचं नाही, म्हटलं. ती हसली आणि फोन बंद केला.

पहिल्या गुरुवारी ती वाडीत येऊन मोगऱ्याच्या कळ्या खुडत बसली. तिचा लागत नाही म्हणून नितीनचा फोन वाजायला लागला. तो धावत आला, "अगं, तिकडे लाल झालंय, काय करू विचारतायत!"

"मी मेलेय ना, नितीन."

मीच फोन ओढून घेतला. "सासरा बोलतोय. ती नाय. तुमचं तुमी बगा!" वैशाली तोंडाला पदर लावून हसत होती. पुढे फोन कमी होत गेले. एका गुरुवारी एकही आला नाही, तर लहान मुलीसारखी खूश झाली. "दादा, आज कोणाला माझी गरज लागली नाही!" स्वतःची गरज संपली म्हणून खूश होणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

परवा तिच्या टीममधली प्रीती भेटायला आली. म्हणाली, मागच्या आठवड्यात तशीच एक तपासणी लाल आली, साहेब परत चालवा म्हणाले, आम्ही नाही चालवली. कारण सापडेपर्यंत सगळं थांबवून ठेवलं. खरं सांगतो, आधी मला रागच आला. ती गेली तर एक दिवस तरी यांचं अडायला नको होतं?

मी रागातच उठून कप काढले. नितीनने गॅसवर आधण ठेवलं होतं, आलं मी किसलं. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. प्रीती बघत होती. "घरातलं सगळं तुम्ही दोघंच करता, काका? कधी शिकलात?"

सांगायला तोंड उघडलं आणि थांबलो. गुरुवारी ती स्वयंपाकघरातही यायची नाही. दमते बिचारी, असं समजून आम्ही बापलेक भात करपवत, भांडत, शिकत गेलो होतो... मी नितीनकडे पाहिलं. त्यालाही ते आत्ताच कळत होतं. त्याने चहा गाळला. साखर जरा जास्त झाली होती, तरी तिघांनीही कप रिकामे केले.