गाद्या आर्णीला जात तेव्हा

दिवाळी जवळ आली की दारव्ह्याच्या आमच्या गल्लीत गाद्या उसवल्या जात. दबलेला कापूस बाहेर निघे आणि वळणावरच्या पिंजाऱ्याकडे जाई. कापूस पिंजायच्या त्याच्या धुनकीची तार दिवसभर घुमायची, त्या आवाजात दुपार पेंगायची. कापसाचे बारीक तंतू उन्हात तरंगत राहायचे. ते खाली कधी येतात हे बघत मी बसायचो, पण मला ते कधी दिसलं नाही. अजूनही डोळे मिटले की ते तसेच हवेत असतात.

माझं लग्न झाल्यावर काही वर्षांनी गावात दंगल झाली. आमच्या मिरवणुकीवर दगड आला. कुठून आला ते मी पाहिलं नव्हतं. पण कोणीतरी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पिंजाऱ्याच्या गच्चीवरून." थोड्या वेळानं त्याचं दुकान पेटलं. जळत्या कापसाचे पुंजके वर जात होते, अगदी सावकाश.

पिंजारी बायकामुलांना घेऊन गाव सोडून गेला. त्यांच्या लोकांना काम द्यायचं नाही, असं गल्लीनं ठरवलं. पण गाठी झालेल्या गादीवर माणूस किती झोपणार? एकेक जण गुपचूप कापसाचं गाठोडं एसटीत टाकून आर्णीला नेऊ लागला. मीही नेलं. तिथे स्वतःच्या मेहुण्याच्या दुकानात आमचा पिंजारीच बसला होता.

"कुठून आले?" त्यानं विचारलं.

"दारव्ह्याहून."

"चांगलं गाव हाय म्हन्तात."

"हो."

हा कापूस ज्या गादीचा, ती माझ्या लग्नात त्यानंच भरली होती. त्यानं कापूस बोटांत चोळून पाहिला आणि नजर वर न करता म्हणाला, "संध्याकाळी या." अशी आमची गल्ली वर्षानुवर्षं त्याच्याच हातच्या गाद्यांवर झोपत राहिली, आणि कोणी कोणाला सांगितलं नाही.

पुढे सगळं निवळलं. कसं ते सांगता येत नाही, धुकं विरतं तसं. पिंजारी परत आला, जुन्याच जागी मुलानं मशीन टाकलं. ईदला तिकडून शिरखुर्मा येतो, दिवाळीला आमचा फराळ तिकडे जातो. हे मला फार आवडतं. फक्त चहाच्या टपरीवर माझा एक मित्र अजून म्हणतो, "काही म्हन बाप्पा, आपल्या गल्लीचं मन मोठं. माफ केलं ना त्याले." सगळे मान डोलवतात. मीही डोलवायचो. म्हणून हे लिहितो आहे. माफ करण्यासारखं त्यानं काही केलंच नव्हतं.

यंदा गादी घेऊन गेलो तेव्हा पिंजारी दारातल्या खाटेवर ऊन खात बसला होता. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. 

"मले कायले सांगता, भाऊ? मी दगड फेकला नाही हे मले माहीत हाय," तो म्हणाला आणि आत बोट केलं. "त्याले सांगा. त्यानं कधी विचारलं नाही, पन त्याच्या मनात हाय."

आत मशीन धडधडत होतं. मुलाचे केस, भुवया, सगळं कापसानं पांढरं झालं होतं. क्षणभर मला तो त्याच्या बापापेक्षा म्हातारा वाटला. मी ओरडून सांगितलं. त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं मशीन बंद केलं.

"काय म्हनता, काका?"

एवढ्या शांततेत तेच वाक्य पुन्हा म्हणणं फार अवघड गेलं.

"मले वाटे, फेकला असंन," तो हळूच म्हणाला. "तवा सारेच फेकून राह्यलते. पन दुकान गेलं ते अब्बाच्याच हातानं, असं वाटे."

तो बाहेर गेला आणि बापाच्या पायांशी खाटेवर बसला. दोघं रस्त्याकडे बघत होते. मी माझ्या गादीजवळ उभा राहिलो.

"गिऱ्हाईक खडा है," पिंजारी म्हणाला.

"खडा रहने दो, अब्बा."