पाठ की पातेलं

गादीच्या दुकानातल्या हमालाला सगळे पैलवान म्हणायचे, म्हणून तो ढकलगाडीला हातच लावायचा नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या गाद्या पाठीवरून वाहून, घामाने त्याची पाठ पुळ्यांनी भरली. तो ती रोज भांडी घासायच्या काथ्याने खसाखसा घासायचा. शेवटी पाठ सोलवटली आणि आज ती झोंबल्याने गादी हातातून निसटली. मालक म्हणाला, “जमत नसेल तर उद्यापासून येऊच नकोस.”

घरी त्याची पाठ बघून धाकटी बहीण भडकली. “दादा, पाठ आहे की करपलेलं पातेलं? घासून पुळ्या आणखी चिडतात! कामावरून आलास की लगेच आंघोळ कर, हलक्या हाताने साबण लाव, धुतलेला सुती बनियन घाल. आणि फोडत बसू नकोस!”

“पण नोकरी?”

“ढकलगाडी घे!”

“लोक हसतील गं.”

“हसू देत. मी येते सोबत, बघू कोण हसतंय ते!”

सकाळी पैलवान मान खाली घालून गाडी ढकलत होता. बहीण दुकानाच्या दारात कंबरेवर हात ठेवून उभी होती. कोणीच हसलं नाही.