नोकरीपुढची रिकामी जागा

सोमवारी कंपनीने मला कायम करण्याचं पत्र दिलं आणि शनिवारपर्यंत सही करून परत आणा, असं सांगितलं. बाबांनी ते पत्र उभ्याउभ्याच वाचलं, चपला घातल्या आणि खाली जाऊन पेढे घेऊन आले. मी सही करणार आहे का, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. पेढे बिल्डिंगच्या चारही मजल्यांवर पोचले. समोरच्या खोलीतली उत्तर प्रदेशची काकू माझे दोन्ही गाल ओढून म्हणाली, "परमानेंट हो गई हमारी बिटिया!" तोंडात पेढा असताना माणसाने नाही म्हणायचं तरी कसं?

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत मी ठेकेदारामार्फत तीन वर्षं काम करत होते. पिंपांवर चिकटवायची धोक्याची लेबलं कॉम्प्युटरवर तयार करायची, एवढंच काम. कवटी आणि हाडं, पेटलेली ज्वाळा, मेलेला मासा. चित्रं ठरलेली, मापं ठरलेली, रंग ठरलेले. तीन वर्षांत माझ्या कवटीत कुणी एकही दुरुस्ती सुचवली नाही. हे केवढं सुख होतं, ते बाहेरची कामं घ्यायला लागल्यावर कळलं.

पालघरच्या एका क्लासमध्ये मी ग्राफिक डिझाइन शिकले होते. त्या जोरावर सुट्टीच्या दिवशी बाहेरची कामं करायचे. घोलवडच्या एका बाईंच्या चिकू चिप्सचं पाकीट केलं. केळव्याच्या एका घरगुती रिसॉर्टचं मेन्यूकार्ड केलं. रिसॉर्टच्या मालकांना कार्डावर आधी नारळाचं झाड हवं होतं, मग होडी, मग मावळता सूर्य, मग नातवाचा फोटो. सुरमई कुठे लिहायची हा प्रश्न शेवटी उरला. मी त्यांच्याशी फोनवर कडाकडा भांडले आणि मग मुकाट्याने नातवाला होडीत बसवलं. पण ते कार्ड छापून आलं तेव्हा मला इतका आनंद झाला, की चार दिवस ते पर्समध्ये घालून फिरत होते आणि भेटेल त्याला दाखवत होते. कवटी मी कुणालाच दाखवली नव्हती.

पत्रात एक कलम होतं: कायम झाल्यावर बाहेरचं कुठलंही काम करता येणार नाही. सही केली की चिकू बंद. नाही केली तर ठेकेदाराकडचं कामही महिनाअखेर संपणार होतं. कुठल्या तरी एका पायावर धोंडा पडणार होता आणि कुठला पाय ते मला ठरवायचं होतं.

बाबांच्या दृष्टीने यात ठरवण्यासारखं काही नव्हतंच. ते साताऱ्याकडून बोईसरला आले, आठ वर्षं ठेक्यावर राबले आणि मग कायम झाले. ती तारीख त्यांना माझ्या वाढदिवसापेक्षा पक्की पाठ आहे. जगात माणसं दोन प्रकारची, कायम आणि ठेक्यावरची, असं त्यांचं साधं शास्त्र. मी मंगळवारी धीर करून त्यांच्यासमोर 'फ्रीलान्स' हा शब्द उच्चारला. त्याचा अर्थ त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "म्हणजे ठेकेदारसुद्धा नाही?"

आईने तोवर वेगळीच आघाडी उघडली होती. मुलगी कायम झाली म्हणजे आता स्थळं बघायला हरकत नाही. "दुसऱ्यांची पाकिटं रंगवतेस, स्वतःचा बायोडाटा कर की!" मला राग आला, पण काम आवडीचं निघालं. वर गणपती, तो आईला हवाच होता. मोर नाही. आमच्याकडे बॉर्डर म्हटली की जो तो वारली नाच काढतो, तोही नाही. मी ताडाच्या पानांची बारीक किनार काढली, कागदाला फिकट हळदीचा रंग दिला. नाव, रास, उंची, शिक्षण सगळं भरलं आणि 'नोकरी' या शब्दापुढे येऊन थांबले. तिथे काय लिहायचं तेच तर ठरलं नव्हतं. ती जागा रिकामी ठेवून मी कच्चा मसुदा मामांची नावं तपासायला आईच्या फोनवर पाठवला.

आईने फक्त मामांची नावं तपासली. तिच्या भावांची नावं बरोबर होती, म्हणजे बाकी सगळं बरोबरच असणार. तिने तो बायोडाटा समाजाच्या वधू-वर ग्रुपवर टाकून दिला.

बुधवारी सकाळी पहिला फोन आला. आईने पदराला हात पुसले, देवाकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला. सफाळ्याजवळच्या गावातून कुणी मावशी बोलत होत्या. "तुमच्या पोरीचा बायोडाटा बघितला. लय बेस हाय. आमचा पण पोर हाय लग्नाचा." आईचा चेहरा उजळला. "तर तो कागद कोणी बनवला ते सांगा ना, आमी पण त्याच्याकडूनच करून घेऊ. तुमी नंबर देता का?"

शुक्रवारपर्यंत असे सहा फोन आले. त्यात एकही स्थळ नव्हतं. एका काकांना तीच किनार भावाच्या वास्तुशांतीच्या पत्रिकेवर हवी होती. आई कावली. "मी पोरीला नवरा शोधतेय, गिऱ्हाईक नाही!" बाबा पेपर वाचत होते. फोनच्या कटकटीवर ते दोनदा करवादले, पण प्रत्येक फोन संपेपर्यंत त्यांनी पान उलटलं नाही. मी मनातल्या मनात हसत होते आणि तितकीच घाबरलेही होते. सहा फोनांवर जन्म काढायचा का?

शुक्रवारी संध्याकाळी सातवा फोन आला. आईचे हात पिठात होते, म्हणून बाबांनी घेतला आणि तिला ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला. पालघरच्या एक बाई होत्या, मुलगा इंजिनिअर. हे खरंखुरं स्थळ होतं. त्यांनी बायोडाटा नीट वाचला होता. तोवर तसा वाचणारं कुणी भेटलंच नव्हतं.

"नोकरीपुढे काहीच लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मुलगी घरीच असते का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं. मी जमिनीकडे बघितलं.

"घरी कशाला बसेल?" बाबा म्हणाले. "तिचं स्वतःचं काम आहे. डिझाइनचं. आठवडाभर माणसं फोन करतायत, आम्हाला तो खाली ठेवायला फुरसत नाही."

"हो का? पण कायम असं नाही ना काही?"

बाबांनी फोन तोंडाजवळ आणला.

"कायम मी होतो बाई," ते म्हणाले. "एके दिवशी पहिल्या पाळीला गेलो, तर गेटला कुलूप."

मी तेव्हा पाचवीत होते. कंपनी बंद पडल्यावरही बाबा आठ दिवस रोज डबा घेऊन घरातून वेळेवर निघत होते. आम्हाला ते माहीत होतं आणि आम्हाला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. पुढे ते दुसऱ्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये लागले, पुन्हा ठेक्यावर. घरात यावर कुणी कधी चकार शब्द काढला नव्हता, आणि आता ते पालघरच्या एका अनोळखी बाईंना सगळं सांगत होते. मला रडू आवरेना. मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडला.

शनिवारी मी सही न करता पत्र परत दिलं. एचआरचे साहेब म्हणाले, "लग्न ठरलं वाटतं?" मुलीने कायम व्हायला नकार द्यावा, याचं दुसरं कारण त्यांना सुचत नव्हतं. मी नाही म्हटलं, तेव्हा ते खरोखर काळजीत पडले.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं. ते खुर्चीत ताठ झाले.

"कुणाला विचारून?"

"तुम्हीच नाही का काल फोनवर म्हणालात," मी म्हटलं. "स्वतःचं काम आहे म्हणून. आणि कुलपाचं."

बाबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"ते मी त्या बाईंना सांगितलं होतं," ते म्हणाले. "तुला कुठे सांगितलं?"